मनगटाचं कॅलिब्रेशन

नागापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या टूलरूममध्ये डोकवा. व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, सगळ्यांच्या अंगावर एक छोटं स्टिकर असतं: कॅलिब्रेशन कधी झालं, पुढचं कधी ड्यू आहे. तारीख उलटलेला मायक्रोमीटर ऑडिटरच्या हाती लागला की क्वालिटीवाल्याचा चेहरा उतरतो. आणि ज्याच्या ड्रॉइंगवरून हा सगळा खटाटोप चाललेला असतो तो डिझाइनवाला काचेच्या पार्टिशनपलीकडे एक काळा माउस घोळवत बसलेला असतो. त्यावरचं कंपनीचं नाव तळहाताने केव्हाच पुसून टाकलंय. वायर जिथे वाकते तिथे इन्सुलेशन टेप. मायक्रॉनच्या बाता मारणाऱ्या या जगात त्या माउसला आणि त्यावरच्या मनगटाला कुणी पट्टीसुद्धा लावलेली नसते.

माउस काय, अकाउंट्सवालेही वापरतात. पण त्यांचं चाक फिरतं, डिझाइनवाल्याचं चाक दाबलं जातं. मॉडेल गोल फिरवून मागची बाजू बघायची, तर मधलं चाक दाबून धरायचं आणि हात सरकवायचा; ड्रॉइंग बाजूला न्यायचं, तरी तेच चाक. दिवसभर मधलं बोट त्या रबरी चाकावर. काही महिन्यांत चाक सैल होतं, दाबायला जावं तर एक घर पुढे सरकतं, आणि डोळ्यांसमोरचं फ्लँज एकदम अंगावर आल्यासारखं मोठं होतं. डिझाइनवाला पुटपुटतो, ते शब्द इथे लिहिण्याजोगे नाहीत.

गंमत म्हणजे संगणकावर चित्र काढणं माउसपेक्षा जुनं आहे. आयव्हन सदरलंडने 1963 मध्ये स्केचपॅड केलं ते लाइट पेनने, थेट पडद्यावर रेघा ओढून. हात सतत उचलून धरायचा, म्हणजे खांदा गेला. एंगलबार्टच्या कल्पनेतून बिल इंग्लिशने पहिला माउस घडवला 1964 मध्ये. लाकडी ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक बटण. खांदा टेबलावर विसावला, त्रास मनगटात उतरला. आमच्याकडे त्या वेळी अर्थातच ड्रॉइंग बोर्ड होता. मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, चुकलेली शाईची रेघ ब्लेडने खरवडणं आणि प्रिंट काढताना अमोनियाचा डोळ्यांत पाणी आणणारा वास. त्या पिढीतले एक अण्णा म्हणायचे, "आमची कंबर जायची, तुमचं मनगट जातंय. कारखान्याला काहीतरी द्यावंच लागतं." 1972 मध्ये लुना आणणाऱ्या कायनेटिकच्या या गावात, मूठ पिळत एमआयडीसी गाठलेल्या माणसांना मनगटाचं महत्त्व वेगळं सांगायला नको होतं खरं तर.

मग कुणीतरी उभा माउस सुचवतो. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. तळहात जमिनीकडे केला की कोपरापुढची दोन हाडं एकमेकांवर तिरकी येतात. हात मिळवायला पुढे केल्यासारखा धरला तर ती बरीचशी समांतर राहतात. लॉजिटेकच्या एका मॉडेलची बैठक 57 अंशांत कललेली आहे. हा आकडा ऐकल्यावर डिझाइनवाल्याला माउसबद्दल प्रथमच आदर वाटतो. 55 नाही, 60 नाही, 57! पण कॅडच्या कामात मेख निघते. बटण बाजूने दाबायचं असल्याने दाबतानाच माउस किंचित सरकतो, आणि नेमकी ज्या कडेवर क्लिक करायची तिच्या शेजारचीच कड निवडली जाते. सवयीने हे जमतं म्हणतात. सवय होईपर्यंत डिस्पॅचची तारीख थांबत नाही.

ट्रॅकबॉलमध्ये हात जागचा हलत नाही, सगळं अंगठा किंवा बोटं बघतात. केबिनमधल्या वीतभर टेबलाला तो सोयीचा. मात्र मशीनशॉपच्या शेजारी बसायचं तर ग्राइंडिंगची धूळ आणि कूलंटचा तेलकटपणा त्या चेंडूच्या खाली जाऊन बसतो, आणि चेंडू काढून पुसणं हे रोजच्या पूजेसारखं नित्यकर्म होतं. माझं मत विचाराल तर खरा शहाणपणा स्पेस माउसमध्ये आहे. डाव्या हातात एक जाड गुंडी. ती ढकलली, उचलली, पिळली की मॉडेल तसं फिरतं. उजवा हात फक्त टिचक्या मारायला मोकळा. जर्मन अंतराळ संस्थेत यंत्रमानवाचा हात चालवायच्या संशोधनातून ही वस्तू आली. टूलरूममध्ये इन्सर्टची एक कड झिजली की ऑपरेटर तो फिरवून दुसरी कड पुढे आणतो. इथेही तसंच, उजव्याचा अर्धा भार डाव्यावर. किंमत ऐकल्यावर मात्र शेठ म्हणतात, "एवढ्यात तर आख्खा कॉम्प्युटर यायचा की." त्याच शेठनी सकाळी कार्बाइड इन्सर्टच्या पेटीवर न वाचता सही केलेली असते. इन्सर्ट टूलिंगमध्ये बसतात, माउस स्टेशनरीत. पेन्सिली आणि स्टेपलरच्या पिनांबरोबर.

म्हणून माउस शेवटी स्वतःच्या खिशातून घ्यायचा. हाताचं माप काढायला व्हर्नियर शेजारीच आहे: मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तळव्याची रुंदी. ते मिलिमीटर लिहून घेऊन दुकानात गेलं की दुकानदार आधी माणसाकडे बघतो, मग गेमिंगचा माउस पुढे करतो. "सर, सात रंग बदलतो." रंग नकोत, मधलं चाक दाबून बघू दे म्हटलं, तर सील फोडायला तो तयार नसतो. चप्पलसुद्धा पायात घालून चार पावलं चालून घेतो आपण. दिवसभर हाताखाली राहणारी वस्तू तेवढी खोक्यावरचं चित्र बघून घ्यायची. (रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर, मग दुकान, हा क्रम खोक्यावर छापलेला नसतो.)

एमआयडीसीतल्या एका डिझाइन विभागात हा सगळा विचार होऊन अखेर एक उभा माउस आला. सगळ्यांनी त्याच्याशी हात मिळवून पाहिला. शेठनीही मिळवला आणि "चांगला आहे, सगळ्यांना एकेक मागवा" असं चक्क तोंडी मंजूर करून टाकलं. पॉलिटेक्निकमधून नुकतीच लागलेली मुलगी तेवढी मागे उभी होती. ती डावखुरी. तिचा तो साडेतीनशेचा चपटा माउस निदान दोन्ही हातांना चालत होता.

"डाव्या हाताचा मिळतो का?" तिने फोनवर दुकानदाराला विचारलं.

"मिळतो की ताई, मागवावा लागंल. पण परत घेणार नाही हां, इथं दुसरा कोण घेणार तो?"

तिने शेठकडे पाहिलं. शेठनी परचेसकडे पाहिलं. परचेसने हेडखालचं नाव वाचलं: स्टेशनरी.