बॉनेटआप्पा

सकाळी कामावर निघायच्या वेळेस पार्किंगमधून सेल्फचा नुसताच 'टक्' असा आवाज आला, की आप्पा जिन्यात दिसतात. लिफ्टची वाट ते बघत नाहीत. लिफ्ट येईपर्यंत गाडीवाला मेकॅनिकला फोन करून मोकळा होतो, हा अनुभव आहे. हातात टॉर्च, चष्मा कपाळावर, बनियनवर घाईनं चढवलेला शर्ट आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "बॉनेट उघड." काय झालं म्हणून ते विचारत नाहीत. काय झालं ते त्यांना ठाऊक असतं.

कोथरूडपासून सिंहगड रस्त्यापर्यंत ज्या ज्या सोसायटीच्या मागे नाला किंवा शेजारी रिकामा प्लॉट आहे, तिथे असे एक आप्पा असतातच. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आधी ते पाण्याच्या टाकीतले जाणकार असतात, मग सोलरमधले होतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गाड्या महिनोन्महिने जागच्या हलल्या नाहीत, उंदरांनी आत संसार थाटले आणि आप्पांना त्यांचा खरा विषय सापडला. तेव्हापासून टाकीकडे त्यांनी ढुंकून पाहिलेलं नाही.

बॉनेट उघडलं की आप्पा आधी वायर बघत नाहीत, लेंड्या बघतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर घरातली लहान उंदरी. त्याहून मोठ्या असतील तर काळा उंदीर. हा पाइपावरून, भिंतीवरून सरसर चढतो. जमिनीत बीळ उकरलेलं दिसलं तर घूस. कोणी "चिचुंद्री असेल" म्हणालं की आप्पांचा आवाज चढतो. "चिचुंद्री किडे खाते! तिचा वायरशी संबंध काय? उगाच बिचारीवर आळ!" चिचुंद्रीचं वकीलपत्र घेतलेला हा पुण्यातला बहुधा एकमेव गृहस्थ, आणि या मुद्द्यावर ते शंभर टक्के बरोबर आहेत.

मग उत्खनन. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण निघतं. आत बॉनेटच्या अस्तराचा पिंजून केलेला कापूस, आंब्याची एक कोय, चिकनचं हाड (इथे आप्पा बी विंगकडे बघतात), आणि कोणाच्या तरी मुलाचा एक मोजा. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रावर मांडली जाते. गाडीच्या मालकाला ऑफिस गाठायचं असतं, पण आप्पांचा तास सुरू झालेला असतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला चार इंचांहूनही जास्त. त्यांना एनॅमल फक्त पुढच्या बाजूनं, त्यामुळे कुरतडता कुरतडता आपोआप धार लागते. "तो भुकेनं नाही खात रे, दात झिजवतो. तुझी वायर म्हणजे त्याची कानस." मालक मान हलवतो. त्या कानसेचं बिल त्याला दुपारी कळणार असतं.

या प्रसंगी "गणपतीचं वाहन तुमच्या वाहनात!" हा विनोद करायला आप्पांची बंदी आहे. पाच मजल्यांवरचे पाच जण तो पाच वेळा करतात, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटतं.

आप्पांच्या कारकिर्दीचे कालखंड पाडता येतात. पहिला तंबाखूचा. पानं पुडीत बांधून इंजिनापाशी ठेवायची. एका गाडीतली पुडी तीन दिवसांत नाहीशी झाली. उंदरानंच नेली, असं आप्पांचं मत पडलं; वॉचमनचा फुगलेला गाल वेगळंच सांगत होता. दुसऱ्या एका पुडीचं पान सुटून सायलेन्सरच्या गरम पाइपावर पडलं आणि बॉनेटमधून धूर निघाला, तिथे तो कालखंड संपला. मग डांबरगोळ्यांचा काळ. एसी लावला की गाडीत आजीच्या ट्रंकेचा वास. त्यानंतर पुदिन्याचं तेल, त्यानंतर तिखटाची फवारणी. ती धुऊन काढताना मेकॅनिक इतका शिंकला, की त्यानं बिलात 'इतर' अशी एक वेगळी ओळ घातली. शेवटी अल्ट्रासॉनिक यंत्र. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून ते उंदराला पळवतं म्हणे. यंत्र गाडीच्याच बॅटरीवर चालतं. जी गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघायची, तिची बॅटरी त्यानं उतरवली. गाडी सुरू होईना, पण उंदरामुळे नव्हे, यावर आप्पांनी विशेष भर दिला.

आता खरी गंमत ऐका. यातला प्रत्येक उपाय चालला होता. चार-सहा दिवस. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. ओळखीच्या वाटेवर काही नवं दिसलं की तो काही दिवस तिकडे फिरकत नाही. मग अंदाज घेतो, मग त्यावरूनच ये-जा करतो. म्हणूनच जाणती माणसं पिंजरा लावताना सुरुवातीचे काही दिवस त्यात नुसतं खाणं ठेवतात, दार अडकवत नाहीत. तेव्हा तंबाखू ठेवा, डांबरगोळी ठेवा, नाहीतर आप्पांचा जुना चष्मा ठेवा, चार दिवस वायर शाबूत राहणारच. त्या चार दिवसांत आप्पा सगळ्या विंगमध्ये यशाची बातमी पोचवतात. पाचव्या दिवशीची बातमी पोचवायला कोणी जात नाही.

उंदरांविषयीचा आकडा म्हटला की आप्पा रंगात येतात. मुंबई महापालिकेकडे रात्रपाळीचे मूषकसंहारक आहेत. काठी आणि टॉर्च एवढ्या सामग्रीवर माणशी एका रात्रीत ३० उंदीर मारायचे, असं त्यांना बंधन. याबद्दल आप्पांना मनापासून आदर आहे. आपली नोकरी चुकली असं त्यांच्या डोळ्यांत दिसतं. त्याच्या पाठोपाठ मंत्रालय येतंच. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत हिशेब मांडला होता, की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचं कागदावर आहे. नंतर खुलासा झाला, की हा आकडा उंदरांचा नाही, गोळ्यांचा. आप्पांनी मात्र तोवर भागाकार करून ठेवला होता. "मुंबईचा माणूस रात्रभरात तीस, आणि मंत्रालयातला मिनिटाला एकतीस! याला म्हणतात प्रशासन."

खरं काम कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन करतो आणि तो फारसा बोलत नाही. तुटलेली टोकं सोलतो, सोल्डर मारतो, वर स्लीव्ह चढवून गरम करतो. कंपनीच्या वर्कशॉपात याच दुखण्यावर "पूर्ण हार्नेस बदलावं लागेल" असं ऐकवतात आणि आकडा सांगायच्या आधी पाणी विचारतात. जाताना इलेक्ट्रिशियन दोनच गोष्टी सांगतो: गाडी रोज हलवा, आणि आसपास खाण्याचं काही पडू देऊ नका. आप्पा त्याला "बरं बरं" म्हणून वाटेला लावतात.

त्याला कारण आहे. पार्किंगच्या शेवटच्या खांबाला टेकून चंदेरी कव्हरखाली आप्पांची स्वतःची गाडी उभी असते. काकूंच्या वडिलांनी दिलेली, म्हणून विकायची नाही. आणि पेट्रोल परवडत नाही, म्हणून चालवायची नाही. त्या कव्हरच्या खालच्या कडेला मुठीएवढं एक भोक आहे, आणि भोकापाशी फरशीवर तेलकट काळा पट्टा उमटलाय. रोजच्या वहिवाटीनं उमटतो तसला. त्याच खांबाच्या बरोबर वर आप्पांची गॅलरी. तिथून काकू रोज सकाळी कबुतरांना ज्वारी टाकतात. कबुतरं अर्धी खातात, अर्धी खाली येते. ही गोष्ट सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, वॉचमनला सगळ्यात जास्त. पण ज्या माणसानं तुमच्या एअर फिल्टरमधून मोजा काढून दिला, त्याला हे सांगणार कसं?

यंदाच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी विषय काढला. कोणाचं नाव न घेता. गॅलरीतून धान्य टाकू नये आणि न चालणाऱ्या गाड्या हलवाव्यात, असा साधा ठराव. आप्पा उठले. उंदीर दाण्यासाठी येतात हा समज अडाणीपणाचा आहे. हल्लीच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनचा अंश असतो, त्यानं ते येतात. अमेरिकेत गाडीमालक यावरून कोर्टात गेलेत. कोर्टात गेले हे खरंच आहे. "पण आप्पा, साध्या प्लॅस्टिकच्या वायरी होत्या तेव्हाही उंदीर खायचेच की," मागून एक वहिनी म्हणाल्या. आप्पांनी पाणी मागितलं. तेवढ्यात चहा आला आणि ठराव पुढे ढकलला गेला.

त्याऐवजी एकमतानं मूषक नियंत्रण उपसमिती नेमली. अध्यक्ष आप्पा. उपसमितीची पहिली बैठक त्यांच्याच घरी झाली. काकूंनी पोहे केले होते. पहिला निर्णय असा झाला, की शेवटच्या खांबाजवळच्या गाडीचं कव्हर उंदरांनी फाडलंय, तेव्हा तिला तातडीनं नवं, जाड कव्हर घ्यावं. खर्च सिंकिंग फंडातून.