कार्दशियनांच्या मावशी

उन्हाळा लागला की न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, मावशी उतरू लागतात. बॅगेत मेतकूट, भाजणी, गुडघेदुखीचं तेल आणि पासपोर्टवर सहा महिने मुक्कामाचा शिक्का. मुलगा-सून कामात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काही दिवस मावशी खिडकीतून खारुताया बघतात. मग नातीला सुट्टी लागते आणि ती टीव्हीवर कॅलिफोर्नियातलं कार्दशियन कुटुंब लावून बसते. ‘‘शी! काय हे कपडे!’’ म्हणत मावशी चष्मा आणायला आत जातात. चष्मा लावून येतात त्या ठाण मांडूनच बसतात.

आधी वंशावळ. आई क्रिस. पहिला नवरा रॉबर्ट, ओ. जे. सिम्प्सनच्या खटल्यातला वकील. त्याच्यापासून तीन मुली, एक मुलगा. दुसरा नवरा १९७६च्या ऑलिंपिकमधला डेकॅथलॉनचा विजेता; त्याच्यापासून आणखी दोन मुली. नातीला हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो, मावशींना समजायला दोन मिनिटं. हयात चुलत-मावस करण्यात गेलेली बाई ती! वर त्या पत्रिकाही मांडतात. ‘‘कोर्टनी, किम, केंडल, कायली. सगळ्या मिथुन. बडबड्या असणारच. ख्लोई तेवढी मकर, म्हणून तिच्या वाट्याला सोसणं.’’

किमचं २०११ सालचं लग्न बहात्तर दिवसांत घटस्फोटाच्या अर्जावर आलं, यावर जगभर चर्चा झाली. मावशींनी एकच प्रश्न विचारला, ‘‘तारीख काय होती?’’ २० ऑगस्ट. ‘‘चातुर्मासात लग्न! टिकेल कसं?’’

आणि ती काकडी. केंडल स्वतःच्या हाताने काकडी कापायला घेते. आई म्हणते, स्वयंपाक्याला सांग ना. मुलगी ऐकत नाही, एका हातावरून दुसरा हात आडवा टाकून जिवावर उदार होऊन सुरी चालवते. २०२२ साली या दृश्यावर सगळं जग खदखदून हसलं. मावशी मात्र सोफ्यावरून अर्ध्या उठल्या होत्या. ‘‘अगं, आधी टोक कापून चोळ! कडू लागेल!’’

लोकांना वाटतं, हे सगळे श्रीमंतीला भुलून बघतात. काही भुलतही असतील. पण मावशींना त्या संगमरवराचं काडीचं कौतुक नाही. ‘‘पुसणार कोण एवढं?’’ एवढाच त्यांचा अभिप्राय. त्यांना ओढ आहे ती न सांगता येण्याची. या घरात कुणीही कधीही घुसतं, परस्पर फ्रिज उघडतं, मोठमोठ्या डब्यांतून पालापाचोळा खात तोंडात घास असतानाच भांडतं. थोरली आणि मधली तर एकदा हातघाईवर आल्या, पण नातं काही तुटलं नाही. इकडे मुलाच्या घरी दहा मैलांवरची नणंद यायची तर दोन आठवडे आधी फोनच्या कॅलेंडरात नोंद होते, आणि ती आली की सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलतात की मावशींना कुणीतरी आजारी असल्याची शंका येते.

२००७ला सुरू झालेली ही मालिका वीस सीझन चालली, २०२१ला थांबली आणि पुढच्याच वर्षी नव्या नावाने परत आली. हे सगळं ठरवून केलेलं असतं, असं मुलगा अधूनमधून सांगून बघतो. क्रिसचं घर म्हणून बाहेरून दाखवत ते तर भलत्याचंच होतं, हा त्याचा हुकमी पत्ता. मावशी ढिम्म. ‘‘तुझ्या ताईला बघायला आले तेव्हा सोफा जोशांचा होता. लग्न खोटं झालं का?’’ आई मुलींच्या कमाईतले दहा टक्के घेते, हेही त्याने सांगून पाहिलं. ‘‘दहाच? तुझे बाबा सगळं पाकीट आजीच्या हातात द्यायचे.’’

काकांचा ओढा ऑस्बर्नकडे. २००२ साली एमटीव्हीने ऑझी ऑस्बर्नचं घर दाखवलं आणि नामवंतांच्या घरात डोकावण्याचा हा धंदा खऱ्या अर्थाने बोकाळला. स्टेजवर ज्याला बघून पोरं घाबरायची, तो बाप्या घरात टीव्हीच्या रिमोटपुढे हतबल! काकांना तो सख्खा भाऊ वाटतो. त्यांनाही ते भाग एकट्याने लावता येत नाहीत, हे ओघानं आलंच.

बोरा बोराला समुद्रात किमचं हिऱ्याचं कानातलं पडलं, ती हमसून रडली. तेव्हा जगात माणसं मरताहेत, असं थोरलीने तिला सुनावलं. मावशी किमच्या बाजूच्या. ‘‘मरताहेत हो, पण म्हणून कानातलं हरवलेल्या बाईनं रडू नये?’’ पुढे २०२४च्या जुलैत ती मुंबईला अंबानींच्या लग्नाला आली, तिथे हारातला एक हिरा गळाला. तो भाग बघितल्यापासून मावशींची सहानुभूती आटली आहे.

‘‘एकदा समुद्रात, एकदा मांडवात! तिच्या आईला कुणीतरी सांगा, लग्नाकार्याला बेंटेक्सचं घालायचं. लांबून कुणाला कळतंय?’’