अकरावा फूट

भंडाऱ्याच्या कोणत्याही जुन्या वस्तीत शिरा. एखाद्या घरासमोर निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी निजलेलं दिसेल. धानाची पोती समजू नका, ती गुरुजींची गाडी आहे.

गुरुजी म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. दर दोन गल्ल्यांआड एक सापडतो. निवृत्तीच्या पैशातून सेकंडहँड मारुती 800 घेतलेली, पाटी एमएच-36. पहिल्याच महिन्यात महामार्गावर मागून ट्रकनं हॉर्न मारला आणि गुरुजींचा गाडीतला जीव उडाला. तेव्हापासून गाडी अंगणात. विकत मात्र नाहीत. पाहुण्यांना 'दारात गाडी हाय' एवढं सांगायला ती लागते. उन्हाळ्यात बॉनेटवर कुरड्या वाळतात, डिकीत मोहफुलं असतात. औषधाला, असं गुरुजी सांगतात.

विम्याचा विषय काढला की गुरुजी ताठ बसतात.

"गाडी रस्त्यावर जातच नाही, तं इन्शुरन्स कायले जी? कलम 146 वाचा. सार्वजनिक ठिकाणी वापरली तं विमा. माझं अंगण सार्वजनिक हाय का?"

आणि पंचाईत अशी की गुरुजींचं बरोबर आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विम्याची सक्ती आहे ती सार्वजनिक ठिकाणच्या वापरासाठी. पण मारुती 800 ची लांबी जवळजवळ अकरा फूट आणि गुरुजींचं अंगण ओट्यापासून फाटकापर्यंत दहा. फाटक कायमचं उघडं, आणि गाडीचं नाक नालीवरून गल्लीत आलेलं. दहा फूट खासगी, अकरावा सार्वजनिक. गल्लीतली पोरं त्याच फुटावर बसून मोबाइल बघतात.

पकडले गेलो तर काय, याचाही हिशोब तयार असतो. "पहिल्या वेळचा दंड 2000. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता 2022 पासून 2094, वर जीएसटी. म्हणजे सापडलो तरी 94 रुपये नफ्यात!"

"तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे, गुरुजी."

"तिथं 'किंवा' हाय. व्याकरण मीच शिकवलं तुमाले."

"पुढं 'किंवा दोन्ही' असंही आहे."

गुरुजींनी पान लावायला घेतलं. दुसऱ्या वेळी दंड 4000 होतो, हे मी पान खाऊन होईपर्यंत राखून ठेवलं.

मध्यंतरी मँचेस्टरच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, की इंग्लंडात गाडी नुसती अंगणात उभी असली तरी विमा लागतो. नको असेल तर ती रस्त्यावर येणार नाही असं सरकारला कळवायचं. त्याला तिकडं 'सॉर्न' म्हणतात. गुरुजी हरखले. दुसऱ्याच दिवशी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून आरटीओत हजर. आपल्याकडं गाडी वापरात नसल्याचं कळवतात ते कर वाचावा म्हणून. गुरुजींच्या गाडीचा एकरकमी कर तर कधीच भरलेला. अर्जाची घडी खिशात परत आली.

मग मीच सांगितलं, की आपल्या मोटार टॅरिफमध्येही बंद ठेवलेल्या गाडीची सोय आहे. सलग दोन महिने किंवा जास्त गाडी गॅरेजात राहणार असेल तर पॉलिसीला तसं एन्डॉर्समेंट जोडता येतं. तेवढ्या काळात अपघाताची जबाबदारी निजते. आग, चोरी, पूर यांची जागी राहते. पूर म्हणताच गुरुजींनी गाडीकडं पाहिलं. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगा शहरात शिरली, तेव्हा हीच गाडी जागा न सोडता नदीत न्हाऊन निघाली होती. महिनाभर सीटमधून गाळ निघत होता.

"मग द्या ना जोडून ते!"

"आधी पॉलिसी पाहिजे, गुरुजी. तीही फुल."

"म्हणजे निजासाठी आधी उठा लागते."

खरी कसोटी दसऱ्याला. झेंडू बांधून, गंध लावून गाडी चार पावलं तरी बाहेर काढलीच पाहिजे. बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून जावई आणि पोरं ढकलतात. गुरुजी स्टिअरिंगला हात लावत नाहीत. "ढकलणं म्हणजे वापर नोहे जी."

यंदा मी त्यांना पुणे-बंगळूर रस्त्यावरचा टँकर सांगितला. 1987 साली तो उलटला, आडवा पडून राहिला, लोक सांडलेलं पेट्रोल भरायला जमले आणि काही तासांनी स्फोट झाला. नुसता पडून होता, वापरात कुठं होता, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये तो फेटाळला; उभं किंवा बंद पडलेलं वाहनही 'वापरात' धरलं.

गुरुजी बराच वेळ अकराव्या फुटाकडं बघत राहिले. पोरांना तिथून उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाचा आवाज आला म्हणून गेलो. मिस्त्री गुरुजींचा ओटा एक फूट मागं फोडत होता. काय ठरलं, विचारलं.

"सात हजार," गुरुजी म्हणाले. मग हळूच, "पण हा खर्च एकदाच हाय जी."