दुसऱ्या पायदानावर

पहिला नंबर आलेल्या माणसाबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. पेपरात त्याचा फोटो येतो, शेजारी पेढा भरवणारी आई असते, 'रोज किती तास अभ्यास केलास' या प्रश्नाला त्याचं ठरलेलं उत्तर असतं, की संपलं. दुसरा नंबर आलेल्याकडे मात्र सांगायला गोष्ट असते, आणि ती तो कुणी न विचारताही सांगतो. अर्ध्या मार्काने गेला. परीक्षक पहिल्याचे मामा होते. त्या दिवशी तापच होता. वीस वर्षांनी तोच माणूस एखाद्या लग्नाच्या पंगतीत भेटला तरी जिलबी येईपर्यंत आपण पुन्हा त्या अर्ध्या मार्कापाशी पोचलेले असतो.

इंग्लंडातल्या 'पल्प' या बँडवर माझा लोभ आहे तो याच कारणाने. यांच्याइतक्या देखण्या रीतीने दुसरा नंबर कुणी मिळवलेला नाही.

शेफील्ड हे पोलादाचं गाव. काटे-चमचे आणि सुऱ्या यांच्यासाठी जगभर नाव कमावलेलं. 1978 मध्ये तिथल्या एका शाळेत पंधरा वर्षांच्या जार्विस कॉकरने बँड काढला. नाव सुचलं ते अर्थशास्त्राच्या तासाला, बाजारभावांच्या तक्त्यातल्या कॉफीच्या एका प्रकारावरून: 'अरेबिकस पल्प'. पुढे त्यातला अरेबिकस गळाला. कॉफीच्या भावावरून बारसं झालेल्या बँडला स्वतःचा भाव यायला किती वेळ लागला, ते आता बघायचं.

सुरुवात तशी झोकात झाली. बीबीसीवर जॉन पील नावाचे एक निवेदक होते. नव्या, ओबडधोबड बँडांना त्यांच्या कार्यक्रमात जागा मिळाली म्हणजे पोराने नाव काढलं असं समजायचं. जार्विसने त्यांना गाठून हातात एक कॅसेट कोंबली आणि 1981 च्या नोव्हेंबरात ही शाळकरी मुलं त्यांच्या कार्यक्रमासाठी चार गाणी वाजवून आली. आता उद्यापासून इंग्लंड आपलंच, असं त्यांना वाटलं असणार. त्या वयात कुणालाही वाटेल. पील यांच्याकडून दुसरं बोलावणं आलं 1993 मध्ये. मधे जवळजवळ एक तप गेलं. आपल्याकडे एवढ्या काळात ऋषींना निदान वर तरी मिळतो.

या तपात त्यांनी रेकॉर्डी काढल्या नाहीत असं मात्र नाही. 1983 मध्ये 'इट' आली, 1987 मध्ये 'फ्रीक्स'. 'सेपरेशन्स' 1989 मध्ये वाजवून, मुद्रित करून तयार झाली आणि बाजारात आली 1992 मध्ये. मधली तीन वर्षं ती कंपनीच्या कपाटात बसून होती. बँडमधली माणसं येत होती, जात होती. कायम होता तो एकटा जार्विस. तोही एकदा जाता जाता राहिला. 1985 मध्ये एका मुलीवर छाप पाडण्यासाठी हे महाशय स्पायडरमॅनच्या थाटात खिडकीबाहेर लटकले. लटकणं जमलं, परत आत येणं जमलं नाही. हाडं मोडली. इस्पितळातून सुटल्यावर काही महिने त्याने चाकाच्या खुर्चीत बसून कार्यक्रम केले. तेव्हाही रेकॉर्डी खपल्या नाहीत. प्रेक्षकाचं मन कधी कधी पोलादाचं असतं, आणि त्यात शेफील्डचा दोष नाही.

इथे 'इंडी' या प्रकाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो दिसतो तितका साधा नाही. इंग्लंडात 1980 च्या जानेवारीपासून इंडी रेकॉर्डींची वेगळी क्रमवारी निघू लागली. तिच्यात शिरायला गिटार किती बेसूर वाजते, गायकाने केस कधी विंचरले, याचा संबंध नव्हता. रेकॉर्डींची खोकी दुकानापर्यंत कुणी पोचवली एवढंच बघायचे. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेरून आली असतील तर इंडी. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नटूनथटून नाचरी गाणी म्हणणारी कायली मिनोग या इंडी यादीच्या डोक्यावर जाऊन बसली, कारण तिची खोकी वेगळ्या टेम्पोतून येत होती. फाटके कोट घालून अंधाऱ्या खोल्यांतून दुःख गाणाऱ्या तरुणांना तेव्हा काय वाटलं असेल! पल्पचं याच्या बरोबर उलट. कुणी विचारत नव्हतं तोवर ते नियमाने इंडी होते, आणि विचारू लागले तोवर 'आयलंड' या बड्या घरच्या कंपनीत दाखल झालेले. पुढे इंडी राहिला तो फक्त स्वभाव.

गाण्यांना नंबर देण्याचं वेड काही एकट्या इंग्रजांचं नाही. तिकडे 14 नोव्हेंबर 1952 च्या अंकात एका संगीत-साप्ताहिकाने वीसेक दुकानांना फोन करून काय खपलं ते विचारलं आणि पहिली क्रमवारी छापली. आणि त्याच हिवाळ्यात, डिसेंबरात, रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. पुढे तिच्यात पायदानं आली आणि बुधवारी रात्री आठ वाजता घरोघर रेडिओभोवती माणसं जमायला लागली. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना सांगायला नको: आपलं लाडकं गाणं दोन पायदानं घसरलं की जेवण गोड लागत नसे. गाण्यात काही फरक पडलेला नसायचा, तरी लागत नसे.

तर 1994 मध्ये, स्थापनेनंतर सोळा वर्षांनी, 'हिज अँड हर्स' या अल्बमने पल्पला नववा नंबर मिळवून दिला. मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीतही ते आले, आणि सांगतात की एका मताने हुकले. अर्ध्या मार्काच्या जातकुळीतली ही गोष्ट. पण खरी गंमत पुढच्या वर्षी झाली.

जार्विस 1988 मध्ये लंडनला सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात सिनेमा शिकायला गेला होता. तिथे त्याला एक ग्रीक मुलगी भेटली. घरची श्रीमंत, आणि तिची हौस अशी की आपण गरीब वस्तीत साध्या माणसांसारखं राहून बघावं. सहलीला जातात तसं गरिबीत जायचं. ही भेट त्याच्या डोक्यात काही वर्षं मुरली. मग नॉटिंग हिलच्या एका सेकंडहँड दुकानातून आणलेल्या स्वस्तातल्या कॅसिओ कीबोर्डवर एक बाळबोध चाल सापडली आणि 'कॉमन पीपल' तयार झालं. हळू सुरू होऊन शेवटी धावत सुटणारं, हसत हसत बोचकारणारं गाणं. त्याचा मथितार्थ असा की बाई गं, तू झुरळांच्या खोलीत राहशील खरी, पण एक फोन केलास की वडील गाडी पाठवतील; ज्यांना असा फोन नाही ते साधे लोक.

1995 च्या मे महिन्याच्या अखेरीला हे गाणं क्रमवारीत थेट दुसऱ्या नंबरावर उतरलं. पहिल्यावर कोण होतं? रॉब्सन आणि जेरोम. हे गायक नव्हेत, टीव्हीवरच्या 'सोल्जर सोल्जर' मालिकेत शिपायांची कामं करणारे दोन नट. मालिकेच्या एका भागात त्यांनी 1955 च्या एका तुरुंगपटातलं जुनं प्रेमगीत, 'अनचेन्ड मेलडी', म्हटलं. रेकॉर्ड कुठे मिळेल अशी विचारणा सुरू झाली. सायमन कॉवेल नावाचा एक तरुण अधिकारी या दोघांच्या हात धुऊन मागे लागला आणि नको नको म्हणत असताना त्याने त्यांना गायला लावलं. सात आठवडे ते पहिल्या नंबरावरून हलले नाहीत. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वात जास्त खपलेलं गाणं तेच.

आणि ते घेतलं कुणी? सुपरमार्केटच्या रांगेत ब्रेडबरोबर कॅसेट उचलणाऱ्या काकूंनी, मालिका न चुकवणाऱ्या आज्यांनी, वाढदिवसाला सासूला काय द्यावं ते न सुचणाऱ्या जावयांनी. म्हणजे साध्या लोकांनी. साध्या लोकांचं गाणं साध्या लोकांनीच अडवून धरलं, आणि तेही कुठल्याही कटाशिवाय, सहज, संध्याकाळच्या खरेदीत. याहून चोख टीका मी अजून वाचलेली नाही. इंडीवाले आजही त्या सात आठवड्यांबद्दल सुतकी चेहऱ्याने बोलतात. मला मात्र हा निकाल न्याय्य वाटतो. हौसेने आपल्यात राहायला आलेली परकी मुलगी या लोकांना चालत नाही, असं गाण्यातच म्हटलंय; मग काय ऐकावं हे गावातल्या मुलाने सांगितलेलं तरी का चालावं?

त्याच जूनमध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवात 'स्टोन रोझेस' वाजवणार होते. त्यांचा गिटारिस्ट सायकलवरून पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि शनिवार रात्रीची मुख्य जागा ऐनवेळी पल्पला मिळाली. म्हणजे इथेही बदली खेळाडू. नाटकवाल्यांना ठाऊक असतं: नट आजारी पडतो त्या प्रयोगाला सतरा वर्षं विंगेत पाठांतर करणारा माणूस कसा उभा राहतो. हजारो लोक 'कॉमन पीपल' तोंडपाठ म्हणत होते. जार्विस हाडं मोडून घेऊन प्रसिद्ध होऊ बघत होता दहा वर्षं आधी. शेवटी दुसऱ्याचं हाड कामी आलं.

शरद ऋतूत पुढचं जोडगाणं आलं आणि तेही दुसऱ्याच नंबरावर थांबलं. या वेळी वर 'सिम्पली रेड' बसले होते. मग 'डिफरन्ट क्लास' हा अल्बम मात्र सरळ पहिला आला, आणि 1996 मध्ये मर्क्युरीही मिळालं. ते त्यांनी युद्धग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. इतकी वर्षं हाताशी न आलेली वस्तू अशी लगेच देऊन टाकायला वेगळीच रग लागते. त्या वर्षी फेब्रुवारीत ब्रिट पुरस्कारांच्या सोहळ्यात मायकल जॅक्सन देवदूताच्या थाटात गात असताना जार्विस मंचावर चढला आणि प्रेक्षकांना पाठ दाखवून नको तो भाग हलवून आला. पोलिसांनी चौकीत नेलं. सोबतीला गेला विनोदी नट बॉब मॉर्टिमर, कारण तो मूळचा वकील. गुन्हा काही दाखल झाला नाही.

यशाचं पुढे काय केलं? जे तुम्ही-आम्ही करू तेच. ते पचलं नाही. 1998 चा 'धिस इज हार्डकोर' पहिला आला खरा, पण त्यात मेजवानीनंतरचं सगळं अपचन आहे. 2002 मध्ये निवडक गाजलेल्या गाण्यांचा संग्रह निघाला, नाव 'हिट्स'. तो एकाहत्तराव्या नंबरावर पोचला. नावावरून अपेक्षा वाढतात, आणखी काय.

याच शेफील्डमधून काही वर्षांनी 'आर्क्टिक मंकीज' आले. पहिलंच मोठं गाणं 2005 मध्ये थेट पहिलं, आणि 2006 मध्ये पहिला अल्बम पहिल्या आठवड्यात साडेतीन लाखांवर खपला. पोरं विशीची. गाणी झकास आहेत, वादच नाही. पण मी त्यांच्याविषयी इतकं लिहू शकणार नाही. सतरा वर्षं कुणी बघत नसताना माणूस इतरांकडे फार बारकाईने बघायला शिकतो: कुणाच्या घरात कसला वॉलपेपर आहे, कोण कुणाशी लग्न करून कंटाळलंय, शाळेतली मुलगी आता कुठे असेल. पल्पची गाणी या ऐवजावर उभी आहेत. जार्विस अठराव्या वर्षी गाजला असता तर एवढं बघायला त्याला सवड मिळाली नसती.

2025 च्या जूनमध्ये, चोवीस वर्षांच्या खंडानंतर, पल्पचा नवा अल्बम आला. नाव 'मोर', इतक्या वर्षांनी आणखी मागायला संकोच नाही! जार्विस एकसष्ट वर्षांचा, कंपनी 'रफ ट्रेड', म्हणजे खोक्यांच्या हिशेबानेसुद्धा आता पुन्हा अस्सल इंडी. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेला. नंतर त्याच महिन्यात, 1995 च्या त्या रात्रीला तीस वर्षं होताना, ते ग्लास्टनबरीच्या मोठ्या मंचावर आले. कार्यक्रमपत्रिकेत मात्र पल्प हे नाव नव्हतं. देशात पहिला नंबर पटकावलेला बँड 'पॅचवर्क' या टोपणनावाने आला होता, आणि मैदानात एकालाही खरं नाव विचारावं लागलं नाही.