चौकशीकाकू आणि भुवयांचा भाव

शहरी मराठी मध्यमवर्गात जिला 'चौकशीकाकू' म्हणणे सोयीचे ठरेल, तिचे वय साधारणपणे 48 ते 60 या दरम्यान असते, वस्ती ठाणे, डोंबिवली, कोथरूड किंवा नाशिकचा कॉलेज रोड अशा भागांत आढळते, आणि कोणतीही वस्तू वा सेवा विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला स्वतःला असेल त्याहून अधिक माहिती गोळा करणे हा तिचा स्थायीभाव असतो. मिक्सर, गुडघ्याचा डॉक्टर, चारधामची सहल आणि मुलासाठी सांगून आलेले स्थळ या विषयांत काकूंची पद्धत पूर्वीच सिद्ध झालेली आहे. गेल्या काही वर्षांत त्यांत परमनंट मेकअपची भर पडली असून काकूंच्या गुणांचा खरा कस येथेच लागतो, कारण मिक्सर बिघडला तर बदलून मिळतो, भुवई मिळत नाही.

परमनंट मेकअप म्हणजे सुईच्या साहाय्याने त्वचेत रंग भरून भुवया, ओठ किंवा पापण्यांची कड रेखून घेणे. त्यातल्या मायक्रोब्लेडिंग या प्रकारात अतिशय बारीक सुयांची एक ओळ बसवलेली मूठ हातात धरून केसासारख्या रेघा ओढतात, तर पावडर ब्रो या प्रकारात यंत्राने सूक्ष्म ठिपके टाकून भुवईला पेन्सिल फिरवल्यासारखी छटा आणतात. रंग बाह्यत्वचेच्या खाली, अंतस्त्वचेच्या अगदी वरच्या भागात बसावा लागतो; तो बाह्यत्वचेतच राहिला तर तिच्याबरोबर महिन्याभरात झडून जातो, आणि फार खोल गेला तर रेघा फुटून निळसर दिसू लागतात. नीट बसलेला रंगही ऊन आणि शरीराची स्वतःची साफसफाई यांमुळे एक ते तीन वर्षांत फिका पडतो. ही माहिती मिळताच काकूंचा पहिला आक्षेप नोंदवला जातो, तो असा की ज्याला दर दोन वर्षांनी पुन्हा पैसे मोजावे लागतात त्याला परमनंट म्हणणे ही फसवणूक असून बँकेत असे केले असते तर चौकशी लागली असती. काकू बहुधा बँकेतून किंवा आयुर्विम्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या असतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

या वाटेला काकू का जातात, याचे वरवरचे कारण मुलाचे लग्न हे असते आणि मूळ कारण पन्नास-साठ रुपयांचे थ्रेडिंग. 1990 च्या दशकात बारीक, कमानदार भुवईची जी टूम होती तिच्या भरात महिन्या-दीड महिन्याला दोऱ्याने केस उपटून घेतले गेले, आणि वारंवार उपटलेला केस कधीकधी परत न येण्याचा निर्णय घेतो, हे तेव्हा पार्लरमध्ये कोणी सांगितले नाही. मात्र भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होणे हे थायरॉइडची ग्रंथी मंदावल्याचेही लक्षण असू शकते, आणि काही शे रुपयांत होणारी रक्ततपासणी न करता हजारोंची भुवई कोरून घेणे हा उलटा व्यवहार होय. काकू हा मुद्दा नेमका पकडतात. रक्त तपासूनच पुढे जातात आणि अहवालाची एक झेरॉक्स कलाकारालाही देतात, जिचे काय करायचे हे त्या बिचारीला कळत नाही.

चौकशीचा पहिला टप्पा दूरध्वनीचा असतो. पलीकडून "हॅलो मॅम" असा आवाज आला तर संभाषण पुढे सरकते. "बोला काकू" असा आला तर तो स्टुडिओ, त्याचे काम कितीही चांगले असो, यादीतून तत्काळ बाद होतो, कारण भुवया करून घेण्यामागचा हेतूच त्या संबोधनाला लांबवण्याचा असतो. "रेट काय?" या थेट प्रश्नाला थेट उत्तर देण्याची या व्यवसायात रीत नाही, "मॅम, स्किन बघून सांगावं लागेल" असे सांगितले जाते, आणि यात लबाडी असते तितकेच तथ्यही असते. तेलकट त्वचेत मायक्रोब्लेडिंगच्या बारीक रेघा पसरून पुसट होतात, त्यामुळे अशा त्वचेला पावडर ब्रो अधिक मानवते. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, जखमेवर वळ उठून वाढण्याची प्रवृत्ती असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे लागते. ओठांवर पूर्वी कधी नागिणीच्या जातीचे बारीक फोड आले असतील तर सुईने ते पुन्हा उद्भवू शकतात. हे प्रश्न जी कलाकार आपणहून विचारते ती चांगली आणि जी केवळ तारीख देते ती टाळावी, हा काकूंचा निकष कोणत्याही तज्ज्ञाने मान्य करावा असा आहे.

दुसरा टप्पा हिशेबाचा असून तो एका जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर चालतो. मोठ्या शहरांत भुवयांच्या कामाला सुमारे दहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत काहीही सांगितले जाते, आणि एवढी तफावत काकूंना आंब्याच्या पेटीतही कधी आढळलेली नसते. प्रत्यक्ष सुई आणि रंग यांचा खर्च एकूण फीच्या मानाने अगदी थोडा असतो. उरलेली रक्कम ही दोन-तीन तासांच्या कामाची, जागेच्या भाड्याची, आणि मुख्यतः आधीच्या शेकडो कपाळांवर कमावलेल्या हाताची किंमत असते. तो हात आपल्यासाठी किती कमावलेला आहे आणि आपल्यावर किती कमावणार आहे, यातला फरक ओळखणे हेच भाव समजून घेणे होय. टचअप, म्हणजे महिना-दीड महिन्याने राहिलेल्या फटी भरून घेण्याची दुसरी बैठक, फीमध्ये धरली आहे की वेगळी, हा प्रश्न काकू तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या आवाजांत विचारतात. मग 25,000 रुपयांना 730 दिवसांनी भागले जाते, दिवसाला 34 रुपये निघतात, ते दोन कटिंग चहांइतकेच आहेत हे यजमानांना दाखवले जाते, आणि थ्रेडिंगची बचत वजा करून आकडा आणखी खाली आणला जातो. या हिशेबात मेख अशी की कोरलेल्या भुवईभोवती खरे केस उगवायचे थांबत नाहीत आणि थ्रेडिंगही थांबत नाही. यजमानांना हे माहीत नसते, व काकू ते सांगत नाहीत.

खर्चाच्या बाजूला मात्र काकू अत्यंत प्रामाणिक असतात. काम बिघडले तर लेसरने रंग काढण्याच्या अनेक बैठका लागतात, प्रत्येक बैठकीचे पैसे वेगळे असतात, आणि लोहाचे ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले काही रंग लेसरखाली फिके होण्याऐवजी काळवंडतात, हे त्या डायरीत लाल शाईने लिहितात. गोंदवून घेतल्यानंतर भारतातल्या रक्तपेढ्या 12 महिने रक्त घेत नाहीत, हे कळल्यावर गणपती मंडळाच्या रक्तदान शिबिरात दरवर्षी मिळणारा स्टीलचा डबाही त्यांच्या खर्चात मांडला जातो.

तिसरा टप्पा भिंतीवरच्या प्रमाणपत्रांचा. डॉक्टर किंवा वकील यांच्याप्रमाणे या कामासाठी आपल्याकडे वेगळा राष्ट्रीय परवाना नाही, त्यामुळे दोन दिवसांच्या कार्यशाळेचे सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र आणि पाच वर्षांची खरी मेहनत ही दोन्ही एकाच आकाराच्या चौकटीत टांगलेली असतात. 'कोरियन तंत्र' ही अक्षरे तर पाटीवर हमखास असतात. ज्या देशाच्या नावावर हा धंदा येथे चालतो त्या दक्षिण कोरियात 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने गोंदणे हे वैद्यकीय कृत्य ठरवल्यामुळे डॉक्टर नसलेल्यांनी ते करणे बेकायदा राहिले, आणि डॉक्टर नसलेल्या कलाकारांना परवान्याची वाट मोकळी करणारा कायदा तिथल्या संसदेने 2025 साली संमत केला. म्हणजे कोरियात जे लपूनछपून चालत होते ते डोंबिवलीत बोर्ड लावून चालत होते. यंत्राची वंशावळ याहून रंजक आहे. एडिसनने 1876 साली कागदाला बारीक भोके पाडून मजकुराच्या प्रती काढणाऱ्या विद्युत लेखणीचे पेटंट घेतले, आणि तिच्याच धर्तीवर सॅम्युएल ओरायली याने 1891 साली न्यूयॉर्कमध्ये गोंदण्याच्या यंत्राचे. ज्यांची निम्मी नोकरी सायक्लोस्टाइलच्या शाईत गेली त्या काकूंना आपल्या भुवयांवर शेवटी कार्यालयीन यंत्राचाच वंशज चालणार, या योगायोगाचे समाधान वाटते.

परवाना नसलेल्या या प्रांतात परवाना-निरीक्षकाचे काम प्रत्यक्षात काकूच करतात, आणि त्यांना हसणाऱ्या सुनेने हे ध्यानात घ्यावे. सुईचे पाकीट सीलबंद आहे का, ते समोर उघडणार का, त्यावर मुदतीची तारीख आहे का, वापरलेली सुई कोणत्या डब्यात जाते, हे प्रश्न ऐकायला खडूस वाटतात. परंतु हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही अशा पुन्हा वापरलेल्या सुईवाटे पसरू शकतात. त्याचप्रमाणे मोबाइलवर दाखवलेले फोटो कामानंतर लगेच काढलेले आहेत की सहा आठवड्यांनी, हे विचारणारी व्यक्ती हजारांत एखादी निघते. ताजी भुवई सर्वांचीच ठसठशीत दिसते. भरून आलेली भुवई कलाकाराची खरी गुणपत्रिका असते. काकूंची गफलत एवढीच की सुईच्या पाकिटाचा प्रश्न त्या ज्या सुरात विचारतात त्याच सुरात पार्किंगचे पैसे कोण देणार हेही विचारतात, आणि त्यामुळे समोरची मुलगी दोन्हींना सारखेच गांभीर्याने घेत नाही.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा आहे, असे मात्र मानू नये. काकूंच्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते, हातावर तुळस होती, ती दारी आलेल्या गोंदणारणीने काजळीने काढली होती, मोबदला बहुतेक सूपभर धान्याचा होता, आणि मेल्यावर बरोबर येते ते गोंदणच अशी श्रद्धा असल्यामुळे टचअपचा प्रश्न उद्भवला नव्हता. काजळीचा काळा रंग त्वचेखाली खोल बसला की वरून हिरवट-निळा दिसतो. आजीच्या कपाळाला जी शोभा होती तीच छटा आपल्या भुवईला येऊ नये म्हणून नात पंचवीस हजार रुपये मोजायला तयार होते. या विसंगतीवर काकूंचे उत्तर तयार असते, ते म्हणजे आजीला कोणी विचारले नव्हते.

शेवटी स्टुडिओ ठरतो आणि तो सर्वांत स्वस्तही नसतो व सर्वांत महागही नसतो. ज्या मुलीने चौथ्या फोनलाही न चिडता उत्तर दिले तिचा असतो. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी बधिर करणारे मलम लावण्याआधी मोजमाप होते. गवंडी ओळंब्याला सूत लावतो तसा रंगात बुडवलेला दोरा कपाळावर ताणून उभ्या-आडव्या रेघा छापल्या जातात, नाकपुडीपासून डोळ्याच्या कडेपर्यंत तिरका कोन धरून भुवईचे टोक ठरवले जाते, आणि आरसा हातात दिला जातो. आरशात पाहून काकू प्रथमच शांत होतात, कारण दोन भुवया एकसारख्या नाहीत आणि कधीच नव्हत्या, हे त्यांना 54 व्या वर्षी मिलिमीटरमध्ये समजते. डावी भुवई वर चढलेली असते. यजमानांच्या मते ती गेली तीस वर्षे तशीच आहे आणि त्याला कारण ते स्वतः आहेत.

कामानंतरचे दहा दिवस ऊन, घाम, वाफ आणि पोहणे वर्ज्य असते. पोहण्याचा प्रश्न काकूंच्या बाबतीत येत नाही, पण वाफेचा येतो, आणि डॉक्टर सांगूनही जे कधी झाले नाही ते होते, म्हणजे दहा दिवस यजमान कुकर लावतात. दुसऱ्या दिवशी भुवया अपेक्षेहून फार गडद दिसतात, तेव्हा "नाटकातल्या खलनायकासारखं झालंय" असा संदेश स्टुडिओला जातो, आठवड्याभरात खपली सुटून भुवया जवळजवळ दिसेनाशा होतात, तेव्हा "रंग धरलाच नाही, पैसे परत मिळतील का?" असा जातो, चौथ्या आठवड्यात आतला रंग हळूहळू वर दिसू लागतो, तेव्हा कोणताच संदेश जात नाही. हा सारा क्रम मुलीने पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलेला असतो, पण काकू दुसऱ्यांनी दिलेला कागद सहीसाठी वाचतात, विश्वासासाठी नाही.

टचअपच्या बैठकीत नवे पाकीट काकूंच्या डोळ्यांसमोर फोडले जाते, मुदतीची तारीख मोठ्याने वाचून घेतली जाते, काम अर्ध्या तासात उरकते, आणि चिमुकल्या कपात बराच रंग शिल्लक राहिलेला काकूंच्या नजरेतून सुटत नाही. तो तसाच टाकणार का, असे त्या विचारतात. एकदा उघडलेले काहीही दुसऱ्यासाठी वापरायचे नाही ही अट तुमचीच होती, असे मुलगी नम्रपणे सांगते. काकू ती अट मागे घेत नाहीत, फक्त दुसऱ्यासाठी नको तर घरी न्यायला बांधून देता येईल का, एवढेच विचारतात.