शाल-श्रीफळाविना

आमच्या घरात कापडाला सुखासुखी मरण येत नाही. माझा शर्ट कॉलरला विरला की तो आधी 'घरात घालायचा' होतो, मग फडताळं पुसायचा, आणि एके दिवशी स्कूटर पुसताना हातातल्या फडक्यावर मला ओळखीची चौकड दिसते. आईच्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, वडिलांच्या धोतरांची दुपटी झाली, यातूनही जे उरलं ते बोहारणीनं स्टीलच्या वाटीवर नेलं. अशा घरात सोसायटीचा जुना तिरंगा आला. "काका, तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचात ना? याचं तेवढं बघा," एवढं बोलून सेक्रेटरी लिफ्टमध्ये शिरलेसुद्धा.

झेंडा खादीचा. दोरीकडची बाजू धडधाकट, पण वाऱ्याकडची पार झिरमिळ्या झालेली. केशरी रंग उन्हानं मोसंबीच्या सालीवर गेला होता. मधलं निळं चक्र मात्र चोवीस आऱ्यांनिशी शाबूत होतं.

"टाके घालून देऊ का?" हिनं विचारलं. हिच्या हाताला सुई लागली की कापडाला पाच वर्षं मुदतवाढ मिळते. पण मी चष्मा लावून ध्वजसंहिता उघडली. २००२ सालची ही संहिता तशी रुक्ष, पण काही ठिकाणी घरातल्या थोरल्या माणसासारखी बोलते. चढवताना झेंडा झटकन चढवा, उतरवताना सावकाश उतरवा. फाटका, मळका लावू नका. त्यात काही बांधू नका, रुमालावर-उशीवर छापूसुद्धा नका. आणि जीर्ण झाला की तो इकडेतिकडे न टाकता, एकांतात, अख्खाच्या अख्खा, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखला जाईल अशा दुसऱ्या रीतीनं नष्ट करा.

एकांतात! मी ती ओळ दोनदा वाचली. मी निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ, चार भाषणं आणि बटाटेवडा एवढं झालं. माझ्या आयुष्यात जे मी कधी केलंच नव्हतं त्याबद्दल माझं कौतुकही झालं. पंधरा वर्षं गच्चीवर ऊनपाऊस खाल्लेल्याला मात्र टाळ्या नाहीत, फोटो नाही. हल्ली पोह्यांचा फोटो काढल्याशिवाय घास न घेणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम जरा जडच.

त्यात १९७१चा कायदा आठवला. राष्ट्रध्वज चारचौघांत किंवा लोकांच्या नजरेस पडेल असा जाळला तर तो अपमान, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे तोच झेंडा, तीच काडी. दाराआड ओढली तर आदर, गच्चीवर ओढली तर जामीन. आमच्या गच्चीवर समोरच्या तीन इमारतींच्या बाल्कन्या चोवीस तास पहारा देतात. शेवटी गावच्या घराचं परसू ठरलं. तिथे बघायला फक्त शेवग्याचं झाड.

तोवर झेंडा नीट ठेवायचा म्हणून आम्ही दोघांनी जेवणाचं टेबल पुसून त्यावर तो आडवा अंथरला. केशरी आणि हिरवी पट्टी पांढरीच्या खाली दुमडायची, मग पांढरी दोन्ही टोकांनी चक्राकडे आत घ्यायची. वर चक्र राहतं आणि कडेला केशरी-हिरव्याची किनार. हिनं एक टोक धरलं, मी दुसरं. चादरीच्या घडीला आमची दरवेळी भांडणं होतात. यावेळी ही एवढंच म्हणाली, "अहो, तुमची बाजू जरा खाली गेलीय." मी वर घेतली.

दिवाळीत गावी गेलो. परसात घमेल्यात खादी हळूहळू पेटली, फारसा धूर न करता संपली आणि पसाभर मऊ राख उरली. कापूसच तो. शेवग्याच्या बुंध्याशी राख घालताना आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग ही चहा टाकायला आत गेली.

मी समजत होतो, प्रकरण मिटलं. पण सोसायटीत 'काका झेंड्याचं करतात' अशी बातमी पसरली आणि २०२२च्या 'हर घर तिरंगा'तले झेंडे एकेक करून माझ्या दारी येऊ लागले. आजवर चौदा झाले. ते बहुतेक पॉलिएस्टरचे. डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीनं पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या झेंड्यांना परवानगी दिली. त्यांच्या शेवटाचा विचार कुणी केला होता की नाही, कोण जाणे. पॉलिएस्टर नुसतं जळत नाही, वितळतं. काळा धूर, ठिबकणारे थेंब, आणि शेवटी घमेल्याला चिकटलेला गोळा. याला मानानं निरोप कसा म्हणायचा? म्हणून ते चौदाही घड्या घालून हिच्या पैठणीशेजारी कपाटात आहेत. पैठणीला आता जागा पुरत नाही, अशी तक्रार आहे.

परवा सोळा ऑगस्टला सकाळीच बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा दारात उभा होता. बाबांच्या गाडीवरचा छोटा झेंडा त्यानं दोन्ही तळहातांवर आडवा धरला होता. गाडीवर झेंडा लावण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा मोजक्यांनाच असतो, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"आजोबा, तुमच्याकडे यांना ठेवायला जागा आहे ना?" त्यानं विचारलं.

मी आत वळून हाक मारली, "अगं, पैठणी जरा सरकव."