वजडीवीर

वजडीवीर ओळखायला सोपा. हॉटेलात तो मेनूकार्ड उघडतच नाही. वेटरला जवळ बोलावतो आणि दबक्या, पण शेजारच्या टेबलापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारतो, "आज भेजा ताजा आहे ना?" विचारताना नजर वेटरवर नसते, आपल्यावर असते.

मूळचा हा असा नव्हे. कॉलेजात असेपर्यंत रश्शातली कलेजीची फोड हळूच ताटाच्या कडेला सारणाऱ्यांतलाच. पुढे कुणी मित्र त्याला भल्या सकाळी भेंडीबाजारात बारा हंडीवर नेतो, पाया आणि शेपटीचा पिचोटा खाऊ घालतो आणि माणूस हातचा जातो. मग गुर्दा, भेजा अशा पायऱ्या चढत तो वजडीपर्यंत, म्हणजे पोट-आतड्यांपर्यंत पोचतो. तिथे दीक्षा पुरी होते आणि इतरांचे हाल सुरू होतात.

"अंडाभुर्जी आहे, घे" म्हणून भेजा मसाला वाढणं हा त्याचा हुकमी डाव. समोरच्याने दोन घास खाऊन "मऊ आहे हं" म्हटलं की गौप्यस्फोट! शाकाहारीही सुटत नाहीत. लग्नात काजूकतली उचलणाऱ्या मावशींना तो अगदी नम्रपणे सांगतो, की चांदीचा वर्ख गुरांच्या आतड्याच्या पानांत घालून कुटायची जुनी पद्धत आहे. म्हणून तर २०१६ साली त्यात प्राणिजन्य साहित्य वापरायला सरकारने बंदी घातली. माहिती खरी. वेळ साफ चुकीची. मावशी कतली खाली ठेवतात, ती हा खातो.

वाचनही दांडगं. १९९४ साली फर्गस हेंडरसनने लंडनात 'सेंट जॉन' काढलं आणि साहेबाला नळीतला मगज चाखायला लावला, हे तो घरचं कार्य असल्यासारखं सांगतो. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' दिवाणखान्यात, पाहुण्याला दिसेल असं ठेवलेलं असतं. पण त्या पुस्तकातल्या, मराठवाड्यातल्या ज्या घरांत रक्ताची रक्ती आणि वाळवलेल्या मांसाच्या चान्या नाइलाजानं शिजल्या, त्यांच्याबद्दल मात्र तो फारसं बोलत नाही. चवीवरच घसरतो.

चवीबाबत त्याचं खरंच आहे म्हणा. सुक्या खोबऱ्याच्या वाटणात मुरलेली, दाताखाली किंचित करकरणारी वजडी आणि गरम भाकरी, यापुढे चिकनचा पांढरा तुकडा म्हणजे आजाऱ्याचं जेवण. पण याला वजडीइतकंच समोरच्याचं वाकडं झालेलं तोंडही लागतं.

असाच एक वीर कोल्हापूरकडच्या मित्राच्या घरी रविवारी जेवायला गेला. ताटात वजडी आली. सगळे मुकाट जेवत होते. पोरं तर वाटीसाठी भांडत होती. यानं वाट पाहिली, मग न राहवून म्हणाला, "काकू, लोक वजडीला नाकं मुरडतात, नाही?"

"नाकं कशाला मुरडायची?" मित्राची आई म्हणाली. "कोमट पाण्यात घालायची, चुना लावून काळं समदं खरवडायचं, मग हळद. चार पाण्यानं धुतली की वास ऱ्हातोय कुठं? तुमच्यात कोण धुतं?"

"आम्ही ऑनलाइन मागवतो. साफ केलेलीच येते पाकिटात."

काकूंचा हात भाकरीवरच थांबला. पदर नाकाशी गेला.

"दुसऱ्या कुणी धुतलेली? आन् तशीच खाता?"